फ्लाय बांधायचं मेण: राळ किती, मधमाशीचं मेण किती? (ठाण्याच्या हवेत)

घोडबंदरकर

नमस्कार मंडळी.

ट्राउट माशासाठी जुन्या इंग्रजी वळणाच्या ओल्या फ्लाय (हुकावर धागा-पिसं गुंडाळून केलेला, पाण्याखाली राहणारा नकली किडा) बांधायचा नाद लागलाय. यॉर्कशायरकडच्या, 'स्पायडर' म्हणतात त्या. १४ किंवा १६ नंबरचा हुक, अंगावर रेशमाचा एकच पदर आणि मानेपाशी मऊ पिसाचे दीड-दोन वेढे. बस्स. इतकी सडसडीत वस्तू की काही लपवायला जागाच नाही. धागा घसरला की फ्लाय गेली. मार्चमध्ये तीर्थन खोऱ्यात जायचा बेत आहे (हिमाचलात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटला बंदी असते), तोवर डबी भरायची आहे.

अडलंय मेणापाशी. बाहेरून मागवलेली वडी टपाल खर्चासकट अंगाला लागते, म्हणून घरीच करायला घेतलं. एका इंग्रज माणसाने दिलेलं प्रमाण होतं: राळ ४ भाग, मधमाशीचं मेण १ भाग, वर थोडं एरंडेल. तंतोतंत केलं. वडी झाली, पण ठाण्यात ऑक्टोबरच्या दुपारी ती हातातून सुटेना. चिमटा, कात्री, चष्म्याची काडी, सगळीकडे चिकटा. रेशीम ओढलं तर मेणाचे गोळे गोळे धाग्यावर.

विचारायचं आहे ते असं: आपल्या हवेत प्रमाण काय ठेवावं? चांगली राळ कुठे मिळेल? आणि पिवळं रेशीम ऑलिव्ह रंगाकडे झुकवणारं ते काळं मेण, म्हणजे तिकडचे जुने चांभार वापरायचे ते, इथे करता येतं का?

तळ्यात_मळ्यात

ठाण्यात ट्राउट? मासुंदा तलावात सोडले की काय महापालिकेने?

घोडबंदरकर

@तळ्यात_मळ्यात, तलावपाळीला चिलापी मिळाली तरी पुष्कळ. तीर्थन लिहिलंय हो वर.

खाडीकाठ

मी बेलापूर-उरणकडे जिताड्यासाठी फ्लाय बांधतो. प्रामाणिक मत: मेणाची भानगडच नको. आजचा पॉलिस्टरचा धागा मेण लावूनच येतो, जेल-स्पन नावाचा कृत्रिम धागा तर इतका मजबूत की बोट कापेल. शेवटी यूव्ही रेझिनचा थेंब टाकायचा आणि तो कडक व्हायला यूव्ही टॉर्च मारायचा. दहा सेकंदांत काम फत्ते. एकविसावं शतक चालू आहे मित्रा.

जुना_गळ

खाडीकाठ, जिताड्याच्या फ्लायला तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. तिथे हुक बोटाएवढा आणि अंगावर कृत्रिम केसांचा झुपका. पण घोडबंदरकरांची फ्लाय वेगळी आहे. तिथे धागा हेच अंग. रेझिन ओतलं तर काचेची गोळी होईल.

मेण कशासाठी लावायचं हे आधी ठरवा, प्रमाण त्यावरून ठरतं. एकाच वडीकडून सगळी कामं करून घ्यायला गेलं की घोडबंदरकरांसारखी अवस्था होते.

पहिलं काम पकडीचं. हुकाची दांडी गुळगुळीत, रेशीम त्याहून गुळगुळीत. मेणाळलेला वेढा जिथे टाकाल तिथे बसतो, हात सोडला तरी उलगडत नाही. जुने लोक बॉबिन (रीळ धरायची नळी) वापरत नसत, वीतभर रेशीम कापून हातानेच बांधत, त्यांना ही पकड जिवाभावाची. शेवटची व्हिप फिनिशची गाठसुद्धा मेणावरच धरते. मी स्पायडरच्या डोक्याला वार्निश लावत नाही. अजून एकही उसवलेली नाही.

दुसरं काम फर चिकटवायचं. 'वॉटरहेन ब्लोआ'सारख्या फ्लायमध्ये पिवळ्या रेशमावर चिचुंदरीसारख्या करड्या फरचं नुसतं धुकं हवं असतं, खालचं रेशीम दिसलं पाहिजे. फर बारीक कातरायची, मेण लावलेला धागा तिच्यावर टेकवायचा. जेवढी चिकटेल तेवढीच घ्यायची, पिळायची नाही. याला मेण चिकट लागतं, कडक मेणावर फर बसतच नाही.

तिसरं काम पाण्यापासून रेशीम राखायचं. आणि चौथं, ज्यावरून इंग्रज लोक शंभर वर्षं भांडतायत, ते रंगाचं. त्यावर नंतर लिहितो, चहा घेऊन येतो.

कोपरखैरणेची_मनी

जुना_गळ काका चहाला गेले की तीन दिवस येत नाहीत. तोवर कुणीतरी प्रमाण सांगा.

टीटीसीवाला

मी सांगतो. आयुष्य छपाईच्या शाईत गेलं, आमच्याकडे राळ टनाने यायची.

राळ म्हणजे चीड जातीच्या झाडाचा चीक. तो ऊर्ध्वपातनाला लावला की टर्पेंटाइन उडून जातं आणि खाली उरते ती राळ, रोझिन. थंडीत ठिसूळ, काचेसारखी फुटते. ७० ते ८० अंशांदरम्यान मऊ पडते. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. आता कुणी म्हणेल, ठाणं कितीही तापलं तरी त्याच्या जवळपासही जात नाही, मग वितळायचा प्रश्न कुठे? प्रश्न वितळण्याचा नाहीच. राळेत मेण आणि तेल मिसळलं की ते मिश्रण खूप आधीपासून मऊ व्हायला लागतं, आणि एरंडेल तर राळेला पार ढिली करतं. यॉर्कशायरच्या १२-१५ अंशांच्या खोलीत चार भाग राळेची वडी बोटाच्या उबेने जेमतेम जागी होते. तीच वडी तुमच्या ३४ अंशांच्या हॉलमध्ये कायम जागी.

म्हणून इथे पहिलं कापायचं ते एरंडेल. शून्यावर आणा. मग राळ आणि मेण वजनाने सारखं, १ ला १. वजन काट्यावर करा, चमच्याने नको. १० ग्रॅम आणि १० ग्रॅम घ्या, तेवढी वडी वर्षभर पुरून उरते. धागा ओढून बघा. चिकट वाटलं तर मेण वाढवा, धागा नुसता तुळतुळीत होऊन घसरायला लागला तर राळ.

फर चिकटवायला वेगळी छोटी डबी करा: राळ २, मेण १, एरंडेल दोन-तीन थेंब. ती हिवाळ्यात वापरायची, नाहीतर एसी लावून.

राळेचा रंग ग्रेडवर असतो. 'एक्स', 'डब्ल्यू डब्ल्यू' या फिकट पिवळ्या, मग 'एन', 'के' करत खाली 'डी', 'बी'पर्यंत गडद होत जातात. मुंबईत मशीद बंदरला मोठ्या गोण्यांची दुकानं आहेत, पाव किलोसाठी तिथे फार कुणी विचारत नाही, पण गोड बोललात तर देतात.

डोळस

एक गोष्ट वर राहिली. काष्ठौषधीच्या दुकानात नुसती 'राळ' मागितलीत तर बहुतेक वेळा सालवृक्षाची राळ मिळते, धुपाला आणि मलमाला वापरतात ती. तुम्हाला हवा तो बिरोजा, चिडाचा. ओळखायला सोपं: कपाटातल्या स्पिरिटमध्ये चिमूटभर भुकटी टाका. चिडाची पूर्ण विरघळते, सालाची गढूळ राहून खाली बसते.

आणि इलेक्ट्रॉनिकवाल्यांकडचा सोल्डरिंगचा डबीतला मलमासारखा फ्लक्स घेऊ नका. त्यातल्या कित्येकांत आम्लधर्मी क्षार असतात, हुक गंजेल. लॅमिंग्टन रोडला राळेचा घट्ट खडा मिळतो, तो चालेल.

तारसप्तक

व्हायोलिनच्या गजाला लावायची राळ चालेल ना? घरी पडून आहे. लेकीने क्लास सोडला.

टीटीसीवाला

@तारसप्तक, चालेल. काही ब्रँड त्यात आणखी काहीबाही मिसळतात, पण मूळ तीच. महाग पडते एवढंच. लेकीला विचारून घ्या, परत क्लास लावला तर पंचाईत.

मोहोळताई

मेणावर कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. मी लिप बाम करून विकते, वाशीला. मेण निवडणं हे अर्धं काम आहे.

बाजारात 'शुद्ध मधमाशी मेण' म्हणून पॅराफिन मिसळलेले ठोकळे सर्रास मिळतात. पांढरे शुभ्र दाणे दिसले की मी लांब राहते. खऱ्या मेणाचा ठोकळा तोडला तर तुटलेली बाजू रवाळ आणि मंद असते, पॅराफिनची चकचकीत आणि अर्धपारदर्शक. छोटा तुकडा तळहातावर मळा. मेण हळूहळू लवचिक होतं, ओढलं तर लांबतं. पॅराफिन आधी भुगा होतं, मग नुसतं निसरडं. तुमच्या कामाला निसरडेपणा म्हणजे घातच. वासावर जाऊ नका, मधाचा वास वरून घालता येतो.

महाबळेश्वरकडच्या मधपाळांकडून थेट मिळालं तर उत्तम. तिकडचं मांघर हे २०२२ मध्ये 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं, तिथे सातेरी माशा पाळतात. सातेरीचं मेण थोडंच निघतं, पण स्वच्छ असतं. आग्याचं मेण भरपूर असतं, त्यात कचराही भरपूर. गरम पाण्यात वितळवून पातळ सुती कपड्यातून गाळायचं, थंड झालं की खालचा गाळ खरवडून टाकायचा. असं दोनदा.

वितळवताना भांडं थेट गॅसवर कधीही ठेवू नका. पाण्याच्या पातेल्यात डबा ठेवूनच करा. राळ आधी कुटून बारीक करून घ्या, तिला वेळ लागतो. ती पूर्ण पातळ झाल्यावर मेण किसून घाला, आईस्क्रीमच्या काडीने ढवळत राहा. खिडकी उघडी, पंखा चालू. राळेचा धूर दमेकऱ्यांना फार वाईट, सोल्डरिंग करणाऱ्या कामगारांना त्याने दमा जडतो हे वैद्यकात नोंदलेलं आहे. आणि डबा असा घ्या जो परत स्वयंपाकघरात येणार नाही!

कोपरखैरणेची_मनी

ताई, शेवटचं वाक्य ठळक करा. आमच्याकडे चहाचं गाळणं शहीद झालंय.

चेंदणीकर

आम्ही चेंदणी कोळीवाड्यातले, तुमची ही पिसांची माशी आम्हाला नवलच. आमच्याकडे गरी, त्याला कोलीम नाहीतर बोईटाचा तुकडा, मासा येतोच. पण धागा राखायचं म्हणाल तर ते आम्हाला नवीन नाही. नायलॉन यायच्या आधी जाळी सुताची असत. ती कुजू नयेत म्हणून झाडाची साल मोठ्या हंड्यात उकळून त्या लाल पाण्यात जाळी बुडवायची, वाळवायची, परत बुडवायची. आज्जी सांगायची, त्या दिवशी आळीभर वास. नायलॉन आलं आणि हंडे भंगारात गेले. तेव्हा खाडीकाठभाऊंशी मी सहमत आहे आणि नाहीही. सोय झाली हे खरं. पण सुताचं जाळं हाताला जे कळवायचं ते नायलॉन कळवत नाही, असं म्हातारे म्हणत.

घोडबंदरकर

चेंदणीकर दादा, मस्त. यावर वेगळी चर्चा काढाच.

टीटीसीवाला काका, एक शंका. फ्लाय वापरायची तीर्थनला, तिथे मार्चमध्ये सकाळी हात गारठतात. मग थंडीचंच प्रमाण बरोबर नाही का?

टीटीसीवाला

फ्लाय बांधणार कुठे? घोडबंदर रोडला. मेणाचं काम बांधतानाच संपतं. एकदा वेढे बसले की पाणी ४ अंश असो की १४, फरक पडत नाही. तिकडे नदीकाठी बसून बांधायची हौस असेल तर तीच १ ला १ वडी शर्टाच्या खिशात ठेवा, अंगाच्या उबेने वळणीवर येते.

जुना_गळ

आलो. (मनी, तीन दिवस नाही झाले.)

टीटीसीवाल्यांशी ९० टक्के सहमत. १० टक्के असं की शून्य एरंडेल मला फार कोरडं वाटतं, डिसेंबर-जानेवारीत वडीला चिरा जातात. मी २० ग्रॅमला दोन थेंब घालतो. आणि एक कृती कुणी लिहिली नाही: मिश्रण सरळ साच्यात ओतू नका, थंड पाण्याच्या परातीत ओता. बाहेरून थिजलं, आतून मऊ आहे, अशा वेळी तेलाचा हात लावून उचला आणि रेवडीचा पाक खुंटीला अडकवून ओढतात तसं ओढा, दुमडा, परत ओढा. तपकिरी दिसणारं मिश्रण बघता बघता फिकट, सोनेरी, रेशमी होतं. मगच छोट्या वड्या वळा. ओढलेली वडी धाग्यावर एकसारखी बसते, गोळे होत नाहीत. आंब्याची कलमं बांधायचं जुनं मेण असंच करत: राळ ४, मेण २, चरबी १. तेही हातानेच लावायचं असे.

लावायची पद्धत: वडी उघड्या हातात धरू नका, चामड्याच्या तुकड्यात घडी करून धरा. जुन्या पट्ट्याचा तुकडा पुरतो. धागा त्यात दाबून झपकन ओढा. हळू ओढलं तर मेण खरवडलं जातं. झपकन ओढलं तर घर्षणाने तेवढ्यापुरतं वितळून धाग्यात मुरतं. धाग्यावर बोट फिरवा: मेण दिसायला नको, जाणवायला हवं. बॉबिन वापरत असाल तर धागा नळीतून बाहेर आल्यावरच मेण लावा, नाहीतर नळी तुंबते. तुंबलीच तर जाड नायलॉनचा तुकडा आतून फिरवायचा.

आता रंग. घोडबंदरकरांना पिवळ्याचं ऑलिव्ह हवंय. तिकडचं चांभारी मेण काळं असे कारण त्यात पाइनचं डामर. ते पिवळ्या रेशमावर गेलं की हिरवट ऑलिव्ह छटा येते आणि वसंतात नदीवर दिसणाऱ्या 'ऑलिव्ह' नावाच्या किड्यांशी ती छटा जुळते. फिकट मेणाने पिवळं फक्त थोडं गडद होतं. कित्येक जुन्या नमुन्यांत 'पिवळं रेशीम' लिहिलेलं असतं, पण नदीत दिसणारा रंग पिवळा नसतोच.

पेंटर_बाबू

सोपं आहे, काजळी घाला.

जुना_गळ

बाबू, काजळीने रंग येतो पण ती धाग्यात मुरत नाही. बोटाला लागते, बोटावरून पिसाला लागते. पिसं कावळ्याची वापरणार असाल तर हरकत नाही. डांबर कुणी सुचवायच्या आत सांगतो: कोळशाचं डांबर घरात तापवू नका, ते विषारी आहे. गडद ग्रेडची राळ घ्या, 'डी' किंवा 'बी'. अगदी काळं नाही होणार, पण तपकिरी ऑलिव्ह नक्की येतं.

खाडीकाठ

अवांतर: पिसं कुठून आणता? शहापूरकडे एक जण रानकोंबड्याच्या मानेची कातडी देतो म्हणाला होता. परदेशात त्याला सोन्याचा भाव आहे म्हणे.

डोळस

अजिबात घेऊ नका. राखाडी रानकोंबडा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात संरक्षित आहे, तितरही. येऊरच्या जंगलात पहाटे त्याची बांग ऐकू येते, तिथेच राहू दे त्याला. मोराचं आपसूक गळलेलं पीस देशात विकता-घेता येतं, बाहेर पाठवता येत नाही.

घोडबंदरकर

मी तर चिकनवाल्याकडून गावठी कोंबडीची मान आणि खांद्याची पिसं आणतो. तो फुकट देतो, वर विचित्र नजरेने बघतो. भांडी घासायच्या साबणाने धुवायची, कागदावर वाळवायची, डब्यात डांबरगोळी. तितराची नक्षी नाही, पण करडी-तपकिरी बारीक ठिपक्यांची मिळाली की पाण्यात झकास हलतात.

कोपरखैरणेची_मनी

आणि फर? आमच्या मांजराची चालेल? फुकट, अमर्याद पुरवठा, सोफ्यावरून थेट.

जुना_गळ

मांजराच्या पोटाकडची आतली फर उत्तम. लांब राठ केस वेचून टाका.

घोडबंदरकर

अपडेट देतो. मशीद बंदरहून 'एन' ग्रेडची राळ आणली, मेण मोहोळताईंकडून. तीन छोट्या वड्या केल्या.

१ ला १, एरंडेल नाही: पकड छान, पंख्याखाली किंचित कडक. १ ला १ आणि दोन थेंब एरंडेल, पाण्यात ओढून: हीच ठेवली. हाताला चिकटत नाही पण बोटाने दाबलं की ठसा उमटतो. धागा ओढला की बारीक 'सर्र' आवाज येतो आणि वेढा हुकावर टाकला की जागचा हलत नाही. तिसरी, राळ २ मेण १: मनीच्या मांजराची फर हिच्यावर फार सुंदर बसली. (नमुना पाकीट पोचलं, धन्यवाद मनी.) पण दुपारी ती फ्रिजमध्ये ठेवावी लागते, घरच्यांनी तिच्यावर चिठ्ठी लावली आहे: 'हे चीज नाही'.

रंगाचं गणित मात्र अडलंय. पिवळं रेशीम कोरडं असताना सुंदर मोहरी-ऑलिव्ह झालं. वाटीत पाण्यात बुडवलं तर एकदम मळकट काळपट.

जुना_गळ

हुक कोणता, काळा की तपकिरी? मेण आणि पाणी मिळून रेशीम अर्धपारदर्शक होतं, खालची दांडी दिसायला लागते. दिसतोय तो रंग मेणाचा कमी, हुकाचा जास्त. दोन उपाय. चकचकीत चंदेरी हुक घ्या. नाहीतर आधी दांडीवर पांढऱ्या पातळ धाग्याचा एक थर द्या आणि मग रेशीम. नारिंगी रेशमाच्या 'पार्ट्रिज अँड ऑरेंज'ला हे जास्तच जाणवतं, काळ्या हुकावर ती ओली झाली की विटकरी दिसते. काही जणांना तीच विटकरी आवडते, माशांनाही चालते. म्हणून रंग कोरडा बघून ठरवायचाच नाही. वाटी शेजारी ठेवा.

खाडीकाठ

हे सगळं वाचून मी माझ्या जेल-स्पनवर १ ला १ मेण लावून बघितलं. कबूल करत नाही, पण सुरुवातीचे वेढे घसरायचे थांबले. रेझिन मात्र सोडणार नाही.

तळ्यात_मळ्यात

खाडीकाठचं मतपरिवर्तन! चर्चा सार्थकी लागली. वाचनखूण साठवली.

पैठणकर

उशिरा आलो. रेशीम कुठलं वापरताय? जुना इंग्रजी पिअर्सॉल कंपनीचा 'गॉसमर' रेशमी धागा आता बनत नाही ऐकलं.

घोडबंदरकर

हो, पिअर्सॉलचं उत्पादन बंद झालंय, जुनी रिळं चढ्या भावाने फिरतात. मी दागिने गाठवणाऱ्या पटवेकऱ्याकडून बिनपिळाचं रेशीम आणलं. पदर सोडवून बारीक करावा लागतो. एका पदराने १६ चा हुक आरामात होतो. पिळलेला भरतकामाचा धागा घेऊ नका, अंगावर दोरखंडासारखा दिसतो.

पैठणकर

जांभळी नाक्याकडचा का? तिथला पिवळा कच्चा रंग होता, पाण्यात सुटला माझा.

घोडबंदरकर

नाही, दादरचा. पण तुमच्यामुळे आत्ताच वाटीत टाकून ठेवला. सकाळी सांगतो. बाय द वे, 'बी' ग्रेडची राळ कुणाकडे तुकडाभर असेल का? दुकानदार अर्ध्या गोणीखाली द्यायला तयार नाही.

टीटीसीवाला

'बी' नाही, 'डी'चा मुठीएवढा खडा आहे. रविवारी तुर्भ्याला येणार असाल तर घेऊन जा. फिकटवाली हवी असेल तर आधी सांगा, ती वरच्या माळ्यावर आहे आणि माझे गुडघे आता शिडी चढत नाहीत.